कापड किती पितं

माझ्या लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांच्या नखांत रंग असतो. अब्बांच्या नखांत तो कायमचा बसला होता. लग्नसराईत लाल-केशरी, एरवी निळा-जांभळा. पारोळ्यात आमचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे मोठं अंगण, आणि खरा संसार सगळा त्या अंगणात. चुलाणावर चढलेले दोन मोठे हंडे, त्यांच्यातून निघणारी रंगाची उग्र वाफ, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्यांवर ओढण्या, पातळं, फेटे. सकाळी मला जाग यायची ती ओलं कापड दगडावर आपटल्याच्या आवाजानं. त्याच्या पाठोपाठ अम्मीच्या भाकरीची थापटी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर लसणीचा ठेचा आणि तेल. थंडीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत असायचं, आणि त्या दिवशी अंगणातल्या कपड्यांनाही धुराचा वास लागायचा. मग गिऱ्हाईक नाक मुरडायचं आणि अब्बा कपडा पुन्हा पाण्यातून काढायचे, न कुरकुरता.

घरात आम्ही आमची खानदेशी वळणाची उर्दू बोलायचो, दाराबाहेर अहिराणी, शाळेत पुस्तकातलं मराठी. तिन्ही भाषांत मी एकच काम करायचे, प्रश्न विचारायचे. रंग मिठानं का पक्का होतो? नवं कापड पाण्यावर तरंगतं आणि जुनं लगेच बुडतं, ते का? अब्बांना सगळ्याची कारणं माहीत नव्हती, पण काय होतं ते पक्कं माहीत होतं. कुणी पातळ रंगवायला आणलं की ते त्याचा पदर दोन बोटांत चोळायचे आणि म्हणायचे, "ये तीन लोटे पिएगी." कापड पाणी पितं, असंच ते म्हणत. तीन लोटे म्हणजे तीन. चौथा लोटा त्यांनी ओतलेला मी कधी पाहिला नाही.

मी नर्स झाले ती एका पांढऱ्या साडीमुळे. गावातल्या दवाखान्यातल्या एक नर्सबाई निळीचे डाग पडलेली साडी घेऊन आल्या होत्या. अब्बा डाग काढत होते तेवढ्या वेळात मी त्यांना इतके प्रश्न विचारले, की जाताना त्या म्हणाल्या, "रंगारीदादा, हिला धुळ्याला नर्सिंगला टाका. तिथं तरी हिला उत्तरं मिळतील." चाचांना ते पटलं नाही. परक्या बायापुरुषांची अंगं पुसायला आपली पोरगी कशाला, असं ते महिनाभर म्हणत राहिले. अब्बांनी वाद घातला नाही. एका सकाळी त्यांनी माझा फॉर्म स्वतः नेऊन दिला आणि येऊन पुन्हा हंड्यापाशी बसले.

धुळ्यातल्या त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. तेव्हाचे सगळेच दवाखाने साधारण तसेच होते. वसतिगृहात माझ्या खोलीत सावद्याची सुनंदा तायडे होती. तिचे वडील केळीचे घड ट्रकमध्ये भरायचं काम करत, आणि ती सुट्टीहून आली की खोलीला आठवडाभर पिकत्या केळीचा वास. सुनंदा पाठ करण्यात पटाईत, मी विचारण्यात. आमच्या ट्यूटर पाटणकरबाई उंच, शिस्तीच्या, कडक इस्त्रीच्या. वर्गातल्या पलंगावर एक रबरी बाहुली झोपलेली असायची, आणि तिला स्पंज कसा द्यायचा, म्हणजे झोपल्या जागी अंग कसं पुसायचं, ते बाई आम्हाला दाखवायच्या. त्यासाठी ट्रेमध्ये सोळा वस्तू, त्या ठरलेल्या क्रमानं. बाहुली कधी कण्हत नसे, कूस बदलत नसे, आणि तिच्या उशाशी तिची सासू बसलेली नसे.

वॉर्डात ट्रे एकच होता आणि खाटा तीस. तिथल्या इन्चार्ज गावित सिस्टर पिंपळनेरकडच्या होत्या. बुटक्या, पन्नाशीच्या आसपास, आणि बाईच्या बोलण्यावरून ती कुठल्या खोऱ्यातली ते ओळखणाऱ्या. इंजेक्शनच्या आधी पेशंटला समजावून सांगावं, असं पुस्तकात होतं. गावित सिस्टर खाटेच्या कडेला टेकून विचारायच्या, "म्हैस कितलं दूध देस वं तुन्ही?" आणि बाई उत्तर देईपर्यंत सुई टोचून निघालेली असायची. मला हे फार आवडायचं. पण सगळंच आवडायचं असं नाही. नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी, असं बाईंनी शिकवलेलं. वॉर्डात ती पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायची पद्धत होती, आणि गर्दी असली की नुसतं मनगट धरून आकडा लिहायची. मी मिनिटभर मोजत बसले की सिनियर मुली हसायच्या. "रेहाना, पोळी भाजतानाही घड्याळ लावतेस का गं?" या दोन जगांत नेमकं काय गळतं आणि काय टिकतं, याचं मला इतकं कुतूहल होतं की मी त्यासाठी एक वहीच केली होती. तिच्यातली अर्धी पानं आता वाचता येत नाहीत. उरलेली वाचली की हसू येतं, सतरा-अठरा वर्षांची मुलगी किती ठामपणे चुकू शकते!

त्या वहीत एक प्रश्न मी तीनदा लिहिला होता. बाळंतपणानंतर पाचशे मिलीहून जास्त रक्त गेलं तर धोका, असं पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. परीक्षेत हमखास येणारा आकडा. पण वॉर्डात रक्त भांड्यात नसायचं. गावाकडून येताना बायका एखादं जुनं पातळ फाडून त्याचे चार तुकडे करून आणायच्या आणि घडी घालून वापरायच्या. तुकडा बदलला की मावशी तो उचलून बादलीत टाकायची. केसपेपरवर आम्ही लिहायचो, "रक्तस्राव साधारण."

मी वर्गात हात वर केला. "मॅडम, पाचशे मिली कसं मोजायचं?"

"मापाच्या भांड्यात."

"पण रक्त तर कापडात असतं."

"अंदाजानं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.

मग मी गावित सिस्टरना गाठलं. त्या म्हणाल्या, "बघितलं की कळतं."

"किती वर्षांनी कळतं, सिस्टर?"

त्या खळखळून हसल्या. "धा वरीस तरी लागतात पोरी."

आणि त्या दहा वर्षांत जिच्या बाबतीत कळणार नाही, तिचं काय? हे मी विचारलं नाही. वहीत लिहिलं.

दोन दिवसांच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा माझ्या पिशवीत लहान बाळाची दुधाची काचेची बाटली होती, मिलीच्या खुणा असलेली. दुपारी जेवणं झाल्यावर अब्बा हंड्यापाशी बसले होते. मी विचारलं, "अब्बा, पातळाचा पाव तुकडा किती पाणी पितो?"

"कौनसा पातळ? नया के पुराना?"

"जुनं. सुती. पुष्कळ धुतलेलं."

"घडी करके के खुला?"

मला पाटणकरबाईंची आठवण आली. वर्गात मी प्रश्न विचारायचे, इथे मलाच प्रश्न येत होते, आणि प्रत्येक प्रश्न बरोबर जागेवर होता. कशासाठी हवं, ते मात्र मी सांगितलं नाही. बाळंतपणाबद्दल बापाशी बोलायचं, हे आमच्या घरात कुणी केलं नव्हतं. मी म्हटलं, "दवाखान्याचं काम आहे. पाण्यापेक्षा जरा दाट लागेल, आणि लाल, म्हणजे दिसेल." अब्बांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग उठून लाल रंग कालवला आणि कपड्यांना द्यायची चिंचोक्याची खळ त्यात थोडी घातली. बोटावर घेऊन पाहिली. आणखी थोडी घातली.

ती सबंध दुपार आम्ही दोघं अंगणात कापडं भिजवत होतो. मी बाटलीनं मोजून ओतायचे, अब्बा घडी घालायचे. अम्मी दोनदा दारात येऊन चहा ठेवून गेली. पहिला धक्का मला लगेच बसला. पन्नास मिली ओतले आणि घडीचा वरचा थर लालभडक झाला, बघवेना. मग शंभर, दीडशे, दोनशे. वरून सगळं तसंच्या तसं! घडीच्या आतले थर गुपचूप पीत होते. पाव तुकडा पूर्ण भिजून निथळायच्या बेताला आला, तेव्हा बाटलीतून पाव लिटर गेलं होतं. म्हणजे असे दोन तुकडे म्हणजे पुस्तकातला तो ठळक आकडा. आणि वरून पाहिलं तर शंभराचा तुकडा कुठला आणि अडीचशेचा कुठला, मला सांगता येईना.

"आँख से मत देख," अब्बा म्हणाले. त्यांनी तुकडा माझ्या तळव्यावर ठेवला. "हाथ से देख."

मी डोळे मिटले. ते एकेक तुकडा माझ्या हातावर ठेवत गेले आणि मी सांगत गेले. आधी चुकले, खूप चुकले. दिवेलागणीपर्यंत दहातले आठ बरोबर यायला लागले. शेवटी मी अंगणातल्या दोरीवरचं एक फुलाफुलांचं पातळ ओढलं आणि विचारलं, "आणि हे?" अब्बांनी ते हातात घेतलं आणि परत ठेवलं. "ये टेरिकॉट है. ये पीताच नहीं. सब नीचे छोड देता."

ते वाक्य मी वहीत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं वाटलं नाही.

महिन्याभरानंतरची गोष्ट. दुपारी दोनच्या सुमाराला, ड्युटी बदलायची वेळ. लेबर रूममध्ये एका बाईचं बाळ पायाळू येत होतं आणि गावित सिस्टर तिकडे गुंतल्या होत्या. जाता जाता त्यांनी मला सांगितलं, "कमलला मी आत्ताच पाहिलं, ठीक आहे. बाकीच्यांच्या नाड्या लिहून ठेव."

कमल साक्रीकडच्या एका खेड्यातली, सकाळी बाळंत झालेली. मुलगी झाली होती. उशाशी तिची आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी कमलच्या खाटेवरून पुढे जाणारच होते, कारण सिस्टरांनी बाकीच्यांचं सांगितलं होतं. पण ती जांभया देत होती. एकामागून एक. आणि म्हणाली, "जरासं पानी द्या वं माय. मले थंडी वाजी ऱ्हायनी." बाहेर चैत्राचं ऊन होतं, पंख्याखालीही आमचे युनिफॉर्म पाठीला चिकटत होते.

मी तिचं मनगट धरलं आणि सवयीनं पूर्ण मिनिट मोजलं. एकशे अठ्ठावीस. नाडी दोऱ्यासारखी बारीक लागत होती. मला वाटलं, मी चुकले. पुन्हा मोजली. एकशे तीस. कापड पाहिलं. वर थोडासाच डाग, कुणीही "साधारण" लिहिलं असतं. हातात घेतलं तर हलकं. आणि बोटांना ते गुळगुळीत लागलं.

टेरिकॉट होतं.

मी तिच्या कमरेखाली हात घातला. मनगटापर्यंत हात भिजला. तिच्या खालच्या रेक्झिनच्या खोलगट भागात रक्त साचलं होतं आणि कडेनं ओघळून गादीत मुरत होतं. मावशीला ओरडून सांगितलं, "सिस्टरना बोलवा, आत्ता!" आणि कमलच्या पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाशय चेंडूसारखं टणक लागावं, असं पाटणकरबाई म्हणायच्या. माझ्या हाताला भिजवलेल्या कणकेसारखं काहीतरी लागलं. मी पुस्तकात होतं तसं चोळायला लागले. बाहुलीवर पन्नास वेळा केलेलं, बाईवर एकदाही नाही. बाहुली दुखतंय म्हणत नाही. कमल कळवळली, तिनं माझा हात ढकलला, तिची आई उठून उभी राहिली. "मन्ही पोरले काय करी ऱ्हायनी तू? सोड तिले!"

"आजी, रक्त जाऊ राहिनं," मी घाईत अर्ध्या अहिराणीत, अर्ध्या मराठीत म्हणाले, "मी थांबणार नही." हात थांबवले नाहीत.

गावित सिस्टर धावत आल्या. त्यांनी एकदा रेक्झिन उचलून पाहिलं आणि पुढे त्यांनी एक शब्द वाया घालवला नाही. इंजेक्शन दिलं, सलाईन जोरात सोडलं, लघवी काढली, मावशीकडून खाटेच्या पायथ्याखाली विटा लावून घेतल्या, डॉक्टरांना निरोप धाडला. मला एवढंच म्हणाल्या, "तू चोळत राहा. सोडू नको." किती वेळ गेला, माहीत नाही. माझे दंड आखडले. मग हाताखाली ते गोळा झालं, कडक झालं, जणू कुणीतरी आतून मूठ आवळली. असं काही मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं. पुढे हजारदा तरी अनुभवलं असेल, आणि दरवेळी तितकंच नवल वाटलं.

कमलच्या भावानं रक्त दिलं. ती सहा दिवस आमच्याकडे होती आणि सातव्या दिवशी लेकीला घेऊन चालत एसटीपर्यंत गेली. तिच्या आईनं जाताना माझ्या दोन्ही हातांवरून हात फिरवले आणि म्हणाली, "बठ्ठं चांगलं व्हई तुन्हं."

त्या दिवशी संध्याकाळी गावित सिस्टर ड्रेसिंग रूममध्ये स्टुलावर बसल्या होत्या. मला वाटलं, शाबासकी मिळेल. त्या म्हणाल्या, "मी पंधरा मिनिटं आधी ते कापड पाहिलं होतं रेहाना. ठीक आहे म्हटलं होतं." मग विचारलं, "तुला कसं कळलं?" मी अंगणातली दुपार सांगितली. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "मला शिकव."

इतक्या वर्षांनी मागे पाहताना मला कमलपेक्षा हे वाक्य मोठं वाटतं. पुढे मी स्वतः इन्चार्ज झाले तेव्हा कळलं, की वीस वर्षं नोकरी झालेल्या बाईनं विद्यार्थिनीला असं म्हणायला काय लागतं. आता बाळंतिणीखाली घालायला खुणा केलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आहेत; माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली मला मोबाईलवर त्यांचे फोटो पाठवतात. मी त्यांना विचारते, त्या संपल्या की काय करता?

गावित सिस्टर दुसऱ्या दिवशी मला घेऊन पाटणकरबाईंकडे गेल्या. बाईंनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा आकडा मी अकरा वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या. "कसा मोजायचा, ते मला कुणी विचारलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी पान उलटलं." मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, "वडील इथे येतील का? तुझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असणार."

अब्बा आले. पहिल्या एसटीनं, धुतलेला पांढरा पायजमा-सदरा, डोक्यावर टोपी, आणि बगलेत कपड्यांचं गाठोडं. चाळीस मुलींच्या वर्गात फळ्यापाशी उभे राहिले तेव्हा त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. मुली खुसखुसल्या. पाटणकरबाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर बाईचं जे रक्त जातं, ते कापडावरून कसं ओळखायचं, ते आज हे आपल्याला दाखवतील." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, कारण मी अब्बांना हे कधी सांगितलंच नव्हतं. त्यांची मान खाली गेली. मग त्यांनी दोन बादल्या मागितल्या, बाह्या वर केल्या, आणि बादलीत हात बुडाल्याबरोबर त्यांचा संकोच गेला. "डोळे मिटा बेटी," ते पहिल्या बाकावरच्या सुनंदाला म्हणाले. "आता सांगा, किती?" दोन तास चाळीस मुली डोळे मिटून ओली कापडं तोलत होत्या. शेवटी गावित सिस्टरांनी हात पुढे केला, आणि त्यांच्या मागे पाटणकरबाईंनी. बाई दोनदा चुकल्या. तिसऱ्यांदा बरोबर आल्या तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाईंच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पदरावर लाल शिंतोडे उडाले होते आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

परतताना मी अब्बांना सोडायला स्टँडवर गेले. पारोळ्याची गाडी लागलेली होती. आम्ही रसवंतीवर एकेक ग्लास रस प्यायलो. मी म्हटलं, "अब्बा, मी तुम्हाला आधी सांगितलं नाही. लाज वाटली."

"मालूम था," ते म्हणाले. गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तेरे वक्त, तेरी अम्मी के कपडे मैंनेच धोये थे. दाई बोली, होता है इतना. मेरे कू लगता था, जास्त है." त्यांनी रिकामा ग्लास ठेवला. "लेकिन रंगरेज को कौन पूछता."

ते गाडीत चढले, खिडकीपाशी बसले. कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीच्या दांड्याला धरून शेजारून चालत होते आणि तेवढंच एक विचारू शकले, "कितने थे, अब्बा?"

"छह," ते म्हणाले. "फजर की नमाज से दोपहर तक."

गाडी वळून गेली. मी तिथेच स्टँडवर उभी होते, एसट्या येत-जात होत्या, हमाल बाजूला व्हा म्हणत होते. पातळाचे सहा पाव तुकडे. मी मनातल्या मनात ते एकेक करून तळहातावर ठेवले, तोलले, आणि सहाव्या तुकड्याला दीड लिटर झालं, पुस्तकातल्या आकड्याच्या तिप्पट. पारोळ्याला या वेळी अम्मी भाकरी थापत असेल, हे मला स्वतःला दोन-तीनदा सांगावं लागलं, आणि मग मी वॉर्डात परत गेले.